मोहाखाली भोंगा

"सिस्टर, हा डब्बा आजच भंगारात टाका. नाई तं मी टाकतो," मुखरूभाऊ म्हनला.

"याच डब्यानं रुखमाबाईंना वाचवलं, मुखरूभाऊ."

"वाचवलं? वाघाच्या तोंडात कोनं देल्लं होतं मंग?"

तो डब्बा म्हंजे मी. मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहो. हातात धराचा, सेलवर चालनारा. सकाळपासून माहा पडदा थरथरून राह्यला, अन् हे दोघं माह्या समोरच माहा निकाल लावून राह्यले. मले कोनी विचारत नाई.

आधी मी ब्रह्मपुरीच्या रईसभाईच्या सायकलवर होतो. त्यानं माह्या पोटात आपला आवाज भरून ठेवला: "भंगाऽर, लोखंड, डब्बा, बाटलीऽ." लाल बटन दाबलं का मी सुरू. मंग त्यानं नवा भोंगा घेतला अन् मले सिस्टर रीनाले देऊन टाकलं.

सिस्टर केरळची. सिंदेवाहीच्या पल्याड, आमच्या गावात, चर्चच्या पोराइले धर्माचे धडे शिकवते. मराठी तिची पुस्तकातली, पोट्टे जांभया देते. एप्रिलात तिच्या लाडक्या संताचा सन येते. संत जॉन दे ला साल, फ्रान्सचा, तीनशे वर्सांआधीचा, गरीब पोराइसाठी शाळा काढनारा. पन तवाच मोहफुलं पडते, अन् सारे पोट्टे पहाटीच रानात. वर्गात मी अन् खुर्च्या.

यंदा सिस्टर चिडली नाई. "मुलं येत नाहीत, तर आपण जाऊ," म्हनली, अन् मुखरूभाऊच्या पोरीच्या, मयुरीच्या, खांद्याले मले अडकवलं.

आज पहाटी मोहाखाली सारे वाकून फुलं येचत होते. सिस्टर माह्यात बोलली, "ते धनाढ्य घराण्यातील ज्येष्ठ पुत्र होते."

"म्हंजे मोठ्या घरचा थोरला पोट्टा," मयुरीनं मले हिसकलं. "त्यानं गरीब मास्तराइले घरी आनून आपल्या पंगतीत जेवाले बसवलं. घरचे बोंबलले. मंग दुष्काळ पडला तं यानं सारी इस्टेट भाकरीत वाटून टाकली."

"येडाच दिसते," म्हातारी रुखमाबाई वाकल्या वाकल्याच म्हनली.

"आयक ना वो, आजी. तवा पोराइले वाचन आधी लॅटिनमंधी शिका लागे, जे कोनाच्या घरी बोलत नवते. हा म्हने, आधी घरची बोली."

रुखमाबाईनं टोपली खाली ठेवली. "हे बेस केलं त्यानं."

मी असा फुगलो म्हनता. भंगाराले कोनी असं कान देऊन आयकत नाई.

अन् मयुरी मधातच थांबली. रुखमाबाईच्या मांगं, झुडपात, वाघ. उभा नवता. दबून होता.

मयुरीचा अंगठा घसरला. लाल बटन.

"भंगाऽर, लोखंड, डब्बा, बाटलीऽ."

वाघानं मान वर केली. माह्याकडं पाह्यलं. मंग वळला अन् झाडीत निघून गेला. कोनी हसलं नाई. रुखमाबाई तशीच फुलाइवर बसून गेली.

त्याच्याच पायी हे भांडन.

"वाघ दिसला का वानर खोकलते. ते खोकलून राह्यलं होतं, सिस्टर," मुखरूभाऊ आता म्हनला. "मी नाल्यावरून आयकलं. झाडाखाली कोनाले आयकू नाई आलं, काऊन का हा बोंबलत होता. वर्ग बंद."

मित्रांनो, वाघ पाहून मी एवढा हाललो नवतो. वाघ पळवनारा मीच. अन् वानराचा आवाज गियून टाकनारा, तोही मीच.

सिस्टर हळू म्हनली, "संत जॉन यांच्या शाळेत मास्तर फार बोलत नसत. लाकडाची टकटक करून खूण करत. बाकी शांतता."

"मंग हे आधी काऊन नाई सांगतलं?"

"पुस्तकात ते शेवटी आहे."

दारात उभी मयुरी फिसकन हसली. मुखरूभाऊनं मले उचललं, माह्या पाठीचं झाकन काढलं. मी समजलो, झालं आपलं. त्यानं नवे सेल टाकले.

"जरासंक सांगाचं. टकटक. मंग चूप, रान आयकाचं. मंग पुढचं," तो म्हनला. "टकटक मी करीन."

म्हनून सांगतो, मित्रांनो, जुन्या वस्तूले फेकू नोका. पन तिले मधी मधी बंद बी करत जा.

तेवढ्यात रुखमाबाईच्या घरून पोरगी धावत आली. आजी सकाळपासून जेवली नाई, कोनासंग बोलली नाई, अन् आता एकच इचारते का त्या येड्याचं पुढं काय झालं.

मयुरीनं माही दोरी खांद्यात टाकली. मले आता निघा लागते.