हसण्याची फाइल

उत्कर्षा टेबल पुसायला लागली की जरीनाला वाटायचं, आता ही आपल्यालाही उचलून, पुसून कपाटात ठेवणार. कसबा पेठेतल्या डॉक्टर रविराजांच्या दवाखान्याच्या वरच्या खोलीत दोघी एकाच टेबलावर कवळ्या बनवत. उत्कर्षाच्या अर्ध्यात ब्रशसुद्धा उंचीप्रमाणे उभे. जरीनाच्या अर्ध्यात मेणाचे तुकडे, प्लास्टरचा चुरा, अर्धी खाल्लेली नानकटाई आणि चिठ्ठ्याच चिठ्ठ्या.

चिठ्ठ्या मात्र कामाच्या होत्या. दात लावायला घेण्याआधी जरीना खाली जाऊन पेशंटजवळ बसायची, त्याला बोलतं करायची, हसवायची आणि वर येऊन हाती लागेल त्या कागदावर खरडायची. 'आजोबा डावीकडून हसतात.' 'बाईंना पुढची जुनी फट परत हवीय, नाहीतर नवरा ओळखणार नाही म्हणतात.' म्हणूनच तिची कवळी तोंडात गेली की माणूस पहिल्यासारखा दिसायचा. बावीस वर्षांत ही युक्ती तिनं एकट्या उत्कर्षाला शिकवली. चार वर्षांपूर्वी पोर आली तेव्हा तिला मेण धरताही येत नव्हतं.

रोज संध्याकाळी उत्कर्षा म्हणायची, तुम्ही निघा, मी आवरते. चिठ्ठ्या कुठे गेल्या विचारलं तर म्हणे, काम झालेल्या टाकून दिल्या. पोटची मुलगी आवरत नाही इतकं ही आवरते, असं जरीना घरी कौतुकानं सांगायची. भोळेपणाला औषध नसतं.

दिवाळीनंतर कवळ्या कोरणारं मशीन येणार असं ठरलं. त्यावर एकच जण लागेल, दुसरीला गरजेपुरतं बोलावू, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं. दोघींनी मिळून त्यांना भेटायचं आणि अर्धा-अर्धा दिवस मागायचा, असा शब्द उत्कर्षानंच दिला होता. जरीना त्या शब्दावर आठवडाभर निवांत झोपली.

शुक्रवारी डॉक्टरांनी दोघींना खाली बोलावलं. टेबलावर एक निळी फाइल होती.

"बघा, काय काम केलंय हिनं," ते जरीनाला म्हणाले. "चार वर्षांतल्या प्रत्येक पेशंटचं हसणं, बोलणं, सगळं टिपून ठेवलंय. मशीन हिच्याच हातात देतो."

जरीनानं फाइल उघडली. आजोबा डावीकडून हसत होते ते आता 'रुग्ण डाव्या बाजूने स्मित करतात' असे झाले होते. बाकी सगळं तिचंच होतं, त्या नवऱ्यासकट. प्रत्येक पानाखाली सही उत्कर्षाची.

हे मी लिहिलेलं आहे, ती कसंबसं म्हणाली. डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. दाखवायला तिच्याकडे कागदाचा कपटाही नव्हता.

"तू सांग ना गं," ती उत्कर्षाला म्हणाली. मनात अजून आशा होती, लाज वाटावी इतकी.

उत्कर्षानं फाइल टेबलाच्या कडेशी नीट जुळवली. "जरीनाताईंच्या हाती कागद टिकत नाही हो, सर. तुम्हाला तर माहीतच आहे."

डॉक्टर हसले. माहीत तर सगळ्यांनाच होतं.

जिन्यात उत्कर्षा हळूच म्हणाली की तिनं जपलं नसतं तर ते सगळं कचऱ्यातच गेलं असतं. केसानं गळा कापणारीनं वर रुमालही पुढे करावा, याला काय म्हणावं? रागापेक्षा जरीनाला स्वतःचीच कीव आली. रोज आपण हिला थँक्यू म्हणून घरी जात होतो.

महिनाअखेरीपर्यंत जरीनाला यायचंच होतं. सोमवारी एका निवृत्त शिक्षिकेचं माप आलं. सवयीनं ती खाली जाऊन त्यांच्याजवळ बसली. हसताना बाईंचा ओठ उजवीकडे वर चढायचा आणि सगळा चेहरा खट्याळ व्हायचा. नातू फोटोतल्या त्या हसण्यावरून चिडवतो, म्हणाल्या. पहिल्यासारखी दिसेन ना, असं त्यांनी तिचा हात धरून विचारलं. दिसाल की, असं ती म्हणाली.

ती वर आली. चिठ्ठी लिहिली नाही.

उत्कर्षानं फाइल उघडली, पेनाचं टोपण काढलं. "यांचं हसू कसं आहे हो, जरीनाताई?"

जरीनानं मेण तापवायला घेतलं.

"सरळ," ती म्हणाली.

उत्कर्षानं सुवाच्य अक्षरात तसं लिहिलं. बाई अजून खालीच होत्या, कुणाशी तरी हसून बोलत होत्या, ते वर ऐकू येत होतं. तरी जरीनानं शब्द मागे घेतला नाही.