रोमेद प्लाटनर चाहते मंडळ

रोमेद प्लाटनर निवृत्त झाला तेव्हा ऑस्ट्रियातल्या टिरोलच्या वर्तमानपत्रानं त्याला दोन ओळी दिल्या, आणि त्यातली एक त्याच्या गुडघ्याबद्दल होती. रोमेदला त्याचं वाईट वाटलं नाही. दोघांत जास्त काम गुडघ्यानंच केलं होतं. पायांत स्की बांधून बर्फात रोवलेल्या खांबांमधून नागमोडी वळत खाली यायचं आणि एकही खांब चुकवायचा नाही, हा त्याचा व्यवसाय. आणि खांब चुकवणं ही त्याची खासियत. स्लालममध्ये खांब एकमेकांना खेटून असतात, म्हणून तिथं तो लवकर बाद व्हायचा. जायंट स्लालममध्ये ते लांब लांब असतात, म्हणून तिथं त्याला बाद व्हायला जरा वेळ लागायचा. दोन प्रकारांत एवढाच काय तो फरक, असं तो स्वतःच सांगत फिरायचा. एकदा दाट धुक्यात तो चौथा आला होता. पुढचे बरेच जण खांब न दिसल्यामुळे बाद झाले आणि याला तशीही खांब न दिसण्याची सवय होती.

त्याचं गाव, हिंटरग्राट, डोंगराच्या सावलीत आहे. नोव्हेंबरात ऊन जातं ते फेब्रुवारीत परत येतं, आणि मधल्या काळात लोक नदीपलीकडच्या उन्हातल्या गावाकडे बघून दात-ओठ खात बसतात. अशा गावातला एक पोरगा देशाच्या संघात गेला म्हटल्यावर चाहते मंडळ निघणारच. अध्यक्ष बेकरीवाली बुर्गी, बस वास्टलची, डोक्यावर सगळ्यांच्या पिवळ्या टोप्या. रविवारी अंधारात निघायचं, तीन घाट ओलांडून स्पर्धेच्या गावी पोचायचं, कुंपणाला छाती लावून उभं राहायचं. आणि वर कुठंतरी दहाव्या-बाराव्या खांबाला रोमेद बाद व्हायचा.

बाद झाला की तो खाली लोकांसमोर येत नसे. स्की खांद्यावर टाकायच्या आणि झाडीतून मागच्या मागे वाहनतळ गाठायचा. आल्प्सच्या प्रत्येक नामांकित उतारावरची ही पळवाट त्याला पाठ होती आणि या एका प्रकारात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. संघाच्या गाडीत तो गार पाव चावत बसायचा. मंडळाची बस शेजारीच उभी असायची. आपल्यासाठी रात्रीची झोप मोडून आलेली ती माणसं आता काय काय बोलत असतील, हे तो एकेकाच्या आवाजात स्वतःला ऐकवायचा. पंधरा वर्षं हे चाललं. हरण्याचं दुःख कधीतरी बोथट झालं, पण त्या बसची शरम काही गेली नाही.

ऑक्टोबरात एका सकाळी तो पाव आणायला गेला तेव्हा बुर्गी म्हणाली, "शुक्रवारी गास्टहाउसात सभा आहे. ये. तुझा विषय एकदाचा निकालात काढायचाय."

रोमेद समजला. मंडळ बंद होणार. गावाची माफी मागायची ही शेवटची संधी होती. त्यानं भाषण लिहिलं आणि बायकोला, आफ्राला, स्वयंपाकघरात म्हणून दाखवलं. ती बटाटे सोलत होती.

"फार लांबलंय," ती म्हणाली.

"माझ्या कारकिर्दीपेक्षा?"

"कारकीर्द आटोपशीर होती रे. भाषणाचं बोलतेय मी."

शुक्रवारी गास्टहाउस, म्हणजे गावची खाणावळ, खच्चून भरलं होतं. रोमेद मोठ्या टेबलापाशी बसायला गेला तर बुर्गीनं त्याला अडवलं. "इथं सदस्य बसतात. तू कुठं सदस्य आहेस? स्वतःचा चाहता स्वतः होता येत नाही. तिकडं कोटांच्या खुंट्यांखाली बस, बीअर घे, गप्प राहा."

तो कोटांखाली बसला. कोणाची तरी ओली बाही त्याच्या कानाला लागत होती. खिशातलं भाषण त्यानं दोनदा चाचपून पाहिलं.

सभा सुरू झाली, पण मंडळ बंद करायचं कोणाच्या मनातही नव्हतं. विषय होता, रोमेदनंतर कोण. बुर्गीनं वेरेनाचं नाव पुढे केलं. वेरेना एकोणीस वर्षांची, स्लालमच उतरायची, नुकतीच देशाच्या संघात आलेली. पण राहणारी नदीपलीकडची. टेबलावर कुरबुर झाली. उन्हाकडच्या पोरीसाठी सावलीकडच्यांनी का ओरडायचं?

"माझी हरकत वेगळी आहे," वास्टल उभा राहून म्हणाला. तो पंचेचाळीस वर्षं बस चालवत होता आणि बोलायचाही वळणावळणानं. "पोरगी चांगली आहे. पण ती जिंकते."

"मग?"

"मग काय मग, बुर्गी? जिंकली की बक्षीस समारंभ. समारंभ म्हणजे संध्याकाळ. संध्याकाळी निघालो की घाटात रात्र. आता रोमेदचं बघ. अकराला आपण मोकळे. साडेअकराला सूप. बाराला पत्त्यांचा पहिला डाव. उजेड असताना घरी. असा माणूस पुन्हा मिळायचा नाही."

सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. "शब्दाचा पक्का होता," कोपऱ्यातून कोणीतरी हळहळलं.

रोमेदच्या कानशिलात मारल्यासारखं झालं. आपण या लोकांचा घास हिरावतोय म्हणून तो वर्षानुवर्षं जळत होता, आणि इकडं त्याच्या पडण्यावर यांच्या जेवणाची वेळ ठरत होती. तो ताडकन उठला तसे दोन कोट खाली पडले.

"मला बोलायचंय."

"सदस्य नाहीस," बुर्गी म्हणाली.

"पाहुणा म्हणून बोलतो, बुर्गीमावशी." पाठ केलेलं सगळं भाषण डोक्यातून पार उडालं होतं. "मला माफ करा. इतक्या लांबून यायचात आणि मी तुमचा प्रत्येक रविवार मातीत घातला. तोंड दाखवायची हिंमत झाली नाही कधी. बस, एवढंच."

ही थट्टा आहे की काय, ते सदस्यांना कळेना.

"कोणाचे रविवार मातीत घातलेस?" वास्टलनं विचारलं. तो खरोखर दुखावला होता. "आमचे? आमचे रविवार झकास गेले. घरी काय होतं, ऊन?"

बुर्गी मात्र चष्मा काढून एप्रनला पुसत राहिली. "राग आहे तुझ्यावर," ती म्हणाली, "पण तो पडण्याचा नाही. आम्ही तिथं कुंपणाला उभे असायचो. म्हटलं, पोरगं पडलंय, येईल, आपल्यात बसून दोन घास खाईल. गाईंच्या घंटा नेलेल्या असायच्या, त्या वाजवत राहायचो, तुला वर कळावं म्हणून. तू एकदा आला नाहीस रे. माझं सूप तुला चालत नव्हतं का?"

खांब चुकवले त्याचं रोमेदला कधी एवढं वाईट वाटलं नव्हतं. बसपासून दहा पावलांवर तो गार पाव चावत बसायचा आणि बसमधली माणसं त्याची वाट बघत असायची. त्या पंधरा वर्षांतलं काय गेलं ते त्याला आज त्या कोटांखाली कळलं, आणि ते परत आणायची सोय नव्हती.

मतदान झालं. वेरेना थोडक्यात निवडून आली. रोमेदलाही सदस्य करून घेतलं गेलं आणि वास्टलनं त्याला बसमध्ये चाकावरची जागा दिली, म्हणजे सगळ्यात वाईट.

जानेवारीत मंडळ वेरेनाच्या पहिल्या शर्यतीला गेलं. वास्टलच्या धाकानं सगळ्यांनी रात्रीचंही जेवण बांधून आणलं होतं. वेरेना सुंदर उतरत आली. शेवटची वळणं दिसायला लागली, आणि तिची एक स्की खांबाच्या या बाजूनं गेली, दुसरी त्या बाजूनं. पोरगी बाद. वास्टलनं घड्याळ पाहिलं आणि चेहऱ्यावरचा आनंद लपवायला नाक शिंकरलं. मग बुर्गीनं घंटा उचलली आणि सगळे वाजवायला लागले.

रोमेद वेरेनाकडे बघत होता. तिनं स्की काढल्या. खाली यायचं सोडून ती झाडीकडे वळली. पुढचं त्याला बघायची गरज नव्हती. तो गर्दीतून निघाला आणि त्या गुडघ्यानिशी, आयुष्यात कधी नव्हे इतक्या वेगानं, वाहनतळाकडे पळाला.

ती झाडांतून बाहेर आली तेव्हा तो धापा टाकत उभा होता. तिनं डोळ्यांवरचा बर्फात घालायचा चष्मा काढला नव्हता. रोमेदनंही कधी काढला नव्हता.

"वाट चुकलीस," तो म्हणाला. "ओढ्याच्या उजवीकडून आली असतीस तर कंबरेपर्यंत भिजली नसतीस."

"मी नाही जाणार त्यांच्यासमोर. त्यातून ते सावलीकडचे. मुडदा पाडतील माझा."

"जेवायला थांबलेत. जेवल्याशिवाय ते कोणाला मारत नाहीत."

ती हसली नाही. तिनं कुंपणाच्या दिशेला मान वळवली. "घंटा कोणासाठी वाजतायत अजून? माझ्यानंतरची तर केव्हाच उतरली."

रोमेदनं कान दिला. या जागेवर, अशा कितीतरी जागांवर, हा आवाज त्यानं ऐकला होता आणि दर वेळी, पुढचा कोणीतरी चांगला उतरतोय, असं समजून गाडीची काच वर केली होती.

"तुझ्यासाठी," तो म्हणाला. "तू जाईपर्यंत थांबणार नाहीत."

वेरेनानं चष्मा कपाळावर सरकवला. डोळे लाल झाले होते. "तुम्ही पडल्यावर जायचात त्यांच्यात?"

"हो तर, दर वेळी," हे त्याच्या ओठांवर आलं होतं. पोरीला धीर आला असता, आणि अध्यक्षांनी बहुधा त्याचं पितळ उघडं पाडलंही नसतं.

"एकदाही नाही," तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावरच्या स्की त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतल्या. "आज जातोय. तू पुढे हो, मला जरा लाज वाटतेय."