टर्बोशी खोटं बोलणारा व्हॉल्व्ह

मी पितळेचा एक छोटा व्हॉल्व्ह बोलतोय. असेन अंगठ्याएवढा. पण माझ्यामुळे एका घरात सात आठवडे कुणी कुणाशी धड बोललं नाही. म्हणून आज मनातलं सांगून मोकळा होणार आहे.

आधी माझा धंदा सांगतो, तो फारसा अभिमानाचा नाही. टर्बोच्या गाडीत इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक पंखा फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. हवा जास्त, तर ताकद जास्त. पण कोंबण्यालाही मर्यादा हवी, म्हणून दाब वाढला की एक झडप उघडते आणि पंख्याला आवरते. दाब किती झाला, हे त्या झडपेला एका बारीक रबरी नळीतून कळतं. मी बसतो नेमका त्या नळीत, आणि झडपेला खरा आकडा कळू देत नाही. तिला सांगत राहतो, ‘अगं, अजून कुठे! अजून बराच वेळ आहे.’ तेवढ्यात पंखा आणखी हवा भरून घेतो. माझ्या डोक्यावरचा स्क्रू जितका आत, तितकी माझी थाप मोठी.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. माझ्यासोबत त्या दिवशी चारशे भावंडं तयार झाली. प्रत्येकाच्या पुडीत एक कागद होता, स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला की काय होतं, ते सांगणारा. माझा कागद मालकाने पुडी फोडताफोडताच कचऱ्यात टाकला. कागद वाचणं त्याला कमीपणाचं वाटलं असावं.

माझा मालक चष्मेवाला. दुकानात बसून दिवसभर लोकांच्या डोळ्यांपुढे भिंगं बदलायची आणि विचारायचं, “हे बरं, की मघाचं बरं?” पाव नंबरचाही फरक पडू द्यायचा नाही, असा काटेकोर माणूस. पण गाडीचा विषय निघाला की त्याचा सगळा काटेकोरपणा गळून पडायचा. गाडी वीस वर्षांची. नवी वेगवान गाडी घेणं आवाक्यात नव्हतं, तेव्हा हीच थोडक्या पैशांत जोरात पळवायची, असं त्याच्या डोक्यात बसलं होतं.

गॅरेजच्या मिस्त्रीने त्याला सरळ सांगितलं होतं, “साहेब, आधी चिरलेले रबरी पाइप बदला. मग प्लग, हवेचा फिल्टर. मग दाब दाखवणारा मीटर. हे पितळी पिल्लू अगदी शेवटी.”

मालकाने पाइप, प्लग, फिल्टर बदलले, आणि मीटर वगळून थेट माझ्यावर आला. मी सगळ्यांत स्वस्त होतो ना. “मीटर पुढच्या महिन्यात,” तो म्हणाला. “तोवर कानाला कळतंच की.” जन्मभर लोकांना ‘नीट बघा, नीट बघा’ सांगणारा हा माणूस, आणि स्वतः कानांच्या भरवशावर निघाला.

मग रोज सकाळी दुकान उघडण्याआधी तो मला पाव फेरा फिरवायचा आणि वडिलांना शेजारी बसवून चक्कर मारायचा. “बाबा, हे बरं, की कालचं बरं?” बाबा दाराचं हँडल घट्ट धरून म्हणायचे, “मला दोन्हीत पोटात गोळा येतो.” मला तेव्हा मजा वाटायची. सगळे माझ्याकडे बघताहेत, माझ्याविषयी बोलताहेत, याने मी फुगलो होतो.

बाबा म्हणजे चाळीस वर्षं नळकाम केलेला माणूस. या गावातल्या अर्ध्या घरांचं पाणी त्यांच्या हातून गेलेलं. त्यांच्या लेखी मी एक कॉक होतो, बाकी काही नाही. एकदा ते म्हणाले, “दाब वाढवायचा म्हणजे सांधा कुठेतरी फुटणारच. काढून टाक तो.” मालक हसला. “बाबा, हे काही नळकाम नाही.” बाबा वळून घरात गेले. पण त्यांचा चेहरा मी बॉनेटखालून पाहिला. आपलं शहाणपण पोराने हसण्यावारी नेलं की बापाला किती लागतं, हे मला तेव्हा कळलं.

घरात तिसरं माणूस म्हणजे सून, मालकाची बायको. ती एका शाळेच्या वाचनालयात हंगामी काम करायची. शहरातल्या मोठ्या ग्रंथालयात कायमच्या जागेसाठी तिला मुलाखतीचं पत्र आलं. वयाच्या अटीत बसण्याचं तिचं हे शेवटचं वर्ष होतं. पुढच्या वर्षी अर्जच करता येणार नव्हता. वाट अडीच तासांची, मधे मोठा चढ, आणि गाडी ती एकटीच नेणार होती.

“त्या तुझ्या खेळण्याची मला भीती वाटते,” ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने तिच्यासमोर मला अर्धा फेरा मागे घेतला. “घे, कमी केला. आणि शब्द देतो, तू परत येईपर्यंत याला हात लावणार नाही.” आणि त्याने शब्द पाळला. हे मी आज छातीठोकपणे सांगतोय. तेव्हा सांगता येत नव्हतं, तेच तर माझं दुखणं.

आदल्या दिवशी दुपारी मालक दुकानात आणि सून शाळेत असताना बाबा हळूच अंगणात आले. हातात त्यांचा जुना पाइप-पाना. बॉनेट उघडून माझ्याकडे बघत ते स्वतःशीच म्हणाले, “अर्धा फेरा कशाला? पोर एकटी जाणार. पूर्णच बंद करतो.”

जगातला प्रत्येक नळ उजवीकडे फिरवला की बंद होतो. चाळीस वर्षं त्या मनगटाने तेच केलं होतं. त्यांनी मला उजवीकडे फिरवलं. फिरवत गेले. शेवटी पाना लावून, गळतीचा थेंबही येऊ नये असं आवळलं. मी आतून ओरडत होतो, ‘बाबा, मी नळ नव्हे, मी उलटा आहे!’ पण पितळेचं ओरडणं कुणाला ऐकू येणार? बाबांनी समाधानाने हात पुसले.

दुसऱ्या दिवशी गाडी वाऱ्यासारखी पळाली. सून खुशीत होती. “आज काय लाडात आलीयस गं,” असं ती गाडीला म्हणाली आणि मुलाखतीची उत्तरं मोठ्याने घोकू लागली. मी झडपेला अखंड थापा मारत होतो. थांबायचं म्हटलं तरी मला थांबता येत नव्हतं. चढ लागला, पंख्याने हवा कोंबली, कोंबतच राहिला. आधी कडकड आवाज आला, मग एक दणका, मग पांढरा धूर. पिस्टन फुटला होता. तिने गाडी कडेला घेतली आणि तासभर रस्त्यावर हात करत उभी राहिली. एका ट्रकवाल्याने तिला नेलं. ती पोचली तेव्हा शिपाई खुर्च्या उचलत होता.

गॅरेजमध्ये मिस्त्रीने मला सोडवताना कपाळाला आठ्या घातल्या. “अहो, हा तर शेवटपर्यंत आत घातलाय! आणि आवळलाय असा, की हाताने हलेना. कुणी केलं हे?”

मालक मला हातात घेऊन बघत राहिला. माझ्या डोक्यावर पाइप-पान्याचे दात उमटले होते. असला पाना त्यांच्या घरात एकाच माणसाकडे होता. त्याने अंगठ्याने ते दात चाचपले. मग म्हणाला, “मीच केलं.”

घरी बायकोने विचारलं, “तू हात लावणार नव्हतास ना?”

“लावला. जाताजाता. जरासा आत फिरवला.”

“शब्द दिला होतास.”

“हो.”

दाराच्या पलीकडे बाबा उभे होते. आत फिरवलं की दाब बंद होत नाही, उलट वाढतो, आणि पोराने आपलं पाप स्वतःच्या अंगावर घेतलंय, हे त्यांना कळलं. तरी ते आत आले नाहीत. मालकाच्या खिशात मी होतो. त्याला दोष देऊ, की बाबांना, की स्वतःला? खोटं बोलण्याची सुरुवात तर माझ्यापासून झाली होती.

त्यानंतर तिने नवऱ्यासोबत जेवणं सोडलं. त्याच्या आधी जेवून घ्यायची. बाबा दिवसभर काहीतरी दुरुस्त करत बसायचे. घरात एकही नळ गळत नव्हता, तरी त्यांनी सगळ्यांचे वायसर बदलले. मग शेजाऱ्यांचे बदलले. सून त्यांना वेळेवर चहा द्यायची, औषधाची आठवण करायची, आणि ती इतकी चांगली वागायची म्हणून ते आणखीच खाली मान घालायचे. मी चपलांच्या कपाटावरच्या खणात पडून हे सगळं ऐकत होतो.

आज सकाळी तिने बॅग भरली. फोनवर आईला म्हणाली, “उद्या येते. किती दिवस, ते नाही सांगता येत. ती नोकरी हुकली त्याचं दुःख आहेच गं. पण शब्द मोडला आणि वर ‘हो, मोडला’ म्हणून शांत बसला. अशा माणसाबरोबर राहायचं कसं?”

दुपारी बाबांनी खण उघडला. मला घेऊन ते स्वयंपाकघरात गेले. सून टेबलापाशी मटार सोलत होती. त्यांनी मला तिच्यापुढे ठेवलं.

“पोरी, हा मी फिरवला. तू जायच्या आदल्या दिवशी. मला वाटलं, बंद करतोय.”

तिचे हात थांबले. “मग तो का म्हणाला, मीच केलं?”

“माझ्यासाठी.”

“आणि तुम्हाला ते माहीत होतं?”

“दारामागेच होतो मी.”

तिने हातातली शेंग टाकून माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता मला उचलून भिंतीवर आपटेल. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

“बाबा,” ती शेवटी म्हणाली, “तुम्ही चुकीच्या बाजूला फिरवलात, त्याचा मला राग नाही. माझ्या काळजीपोटीच केलंत. पण सात आठवडे मी त्याला नाही नाही ते बोलले, आणि तुम्ही ऐकत राहिलात. हे विसरायला मला वेळ लागेल. लागू द्या.”

“लागू दे,” बाबा म्हणाले आणि खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले.

तिने त्यांना पाणी दिलं. मग दुकानात फोन लावला. पलीकडून “हॅलो” आलं असावं, कारण तिचा आवाज एकदम फुटला. “घरी ये. आज मी जेवायची थांबलेय.”

बॅग अजून भरलेलीच आहे. ती रिकामी होईल की नाही, मला माहीत नाही. गेलेली जागा तर परत येणार नाही. मी इथे टेबलावर, सालींच्या ढिगाशेजारी पडलोय आणि फाटकाच्या आवाजाकडे कान लावलेत.

तुमच्या जुन्या गाडीत माझं एखादं भावंड बसवायचं असेल, तर कागद वाचा, मीटर लावा, आणि घरातल्या सगळ्यांना दाखवा ते कुठल्या बाजूला फिरतं. आणि चुकून हातून काही फिरलंच, तर त्याच दिवशी सांगा. मला सांगता येत नव्हतं. तुम्हाला येतं.