गल्लीच्या पाण्याची वीज

मी एक जुना, काळ्या डब्याचा वीजमीटर आहे. अहमदपूरच्या एका गल्लीत सरजाबाईंच्या ओसरीवर टांगलेला. माझ्या पोटात एक चकती आहे. घरात वीज वापरली की ती फिरते. उद्या मला काढून नवा मीटर बसवणार आहेत. म्हणून मित्रांनो, आजच सगळं सांगून टाकतो.

लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हा मी इथे आलो. सरजाबाईंचे पती व्यंकटी यांना सरकारी नोकरी लागली आणि त्यांनी हे घर बांधलं. नातेवाइकांच्या पत्रांवर मात्र बरेच दिवस उस्मानाबाद जिल्हाच असायचा. काय दिवस होते ते! दोन दिवे, एक पंखा. माझी चकती रमतगमत फिरायची. त्यांची लहानगी पंचशीला चकतीवरची लाल खूण पुन्हा कधी समोर येते ते बघत बसायची. माझ्याइतकं लाडकं या घरात कुणी नाही, असं मला वाटायचं.

पुढे टीव्ही आला, फ्रीज आला, बोअरची मोटर आली. बिल वाढलं की सगळे मलाच दोष द्यायचे. "मीटर पळतंय!" म्हणे. अहो, मी कसला पळतो? तुम्हीच पळवता! एरवी माझ्यावरचं कोळिष्टकही कुणी काढत नसे. व्यंकटी वारले, पंचशीला शिक्षिका होऊन हदगावला गेली. ओसरीवर सरजाबाई आणि मी, दोघंच उरलो.

मग लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो दुष्काळ आला. गल्लीतले बोअर आटले. सरजाबाईंच्या बोअरला तेवढं पाणी होतं. दारापासून कोपऱ्यापर्यंत घागरींची रांग लागायची. पूर्वी ज्या घरांत आमच्या घरचं पाणी चालत नसे, त्यांच्याही घागरी त्या रांगेत होत्या. सरजाबाईंनी कुणालाच मागं सारलं नाही. मोटर सकाळ-संध्याकाळ चालायची आणि माझी चकती गरगर फिरायची. इतका दमलो, पण इतका आनंद मला कधी झाला नव्हता.

पाऊस पडल्यावर पंचशीलानं आईच्या छतावर सोलर बसवायचं ठरवलं. उदगीरचे सोलरवाले ईश्वरप्पा माप घ्यायला आले. एक किलोवॅटची सोलर, म्हणजे छतावरच्या तीन प्लेटा, रोज साधारण चार युनिट वीज देते. म्हणून घरात वीज किती लागते, ते आधी बघावं लागतं. त्यांनी मागच्या वर्षाची बिलं मागितली.

"मावशी, नऊ प्लेटा लागतील. सगळं छत भरंल," ते म्हणाले.

सरजाबाईंचा चेहरा उतरला. त्याच छतावर दर उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका कुरड्या-पापड घालायच्या. तेवढीच सरजाबाईंना सोबत असायची. छत गेलं की बायकांचं येणंही बंद होणार.

"एकट्या बाईला एवढी वीज? मीटर म्हातारं झालंय, कायबी दाखवून राहिलंय," पंचशीला म्हणाली.

मला फार लागलं. आयुष्यात एक युनिट खोटं मोजलं नव्हतं.

"मीटरला बोलू नको, माय," सरजाबाई म्हणाल्या. "ती वीज खरी हाय, पर आपली न्हाई. गल्लीच्या पाण्याची हाय. तू हदगावला व्हतीस, तुला काय ठावं?"

ईश्वरप्पांनी दुष्काळाच्या आधीच्या वर्षाची बिलं पाहिली. तीन प्लेटा पुरत होत्या. छत वाचलं. सरजाबाईंनी कौतुकानं वर छताकडे पाहिलं आणि मग बाहेर गल्लीकडे.

"आन् पुन्हा तसला उन्हाळा आला तर?" त्या म्हणाल्या. "गल्ली कुठं जाईल? सगळ्या नऊ घाला."

"आन् तुझ्या कुरड्या?" पंचशीलानं विचारलं.

"अंगणात वाळतेत की. बायका अंगणातबी येतील."

मित्रांनो, नवा मीटर बाहेरून आलेली वीज मोजतो आणि सोलरनं बाहेर दिलेलीही मोजतो, असं ऐकलं. मला नुसती आलेलीच मोजता आली. सरजाबाईंनी काय दिलं, ते माझ्या आकड्यांत कधी उमटलंच नाही. म्हणून सोलरचं माप घेताना बिलं जरूर बघा, पण ती वीज कशासाठी जळली ते घरातल्या माणसाला विचारा. आणि भिंतीवरच्या म्हाताऱ्या मीटरला उगीच बोल लावू नका.

मघाशी पंचशीला आली होती. तिनं पदरानं माझी काच पुसली आणि लाल खूण समोर येईपर्यंत तिथंच उभी राहिली.