गोळीवर दूध

केरबाच्या म्हशीचं दूध ज्यानं प्यायलं नाही त्यानं कोल्हापूर बघितलंच नाही, असं केरबाचं मत होतं, आणि ते तो न विचारताच सांगायचा. रोज संध्याकाळी कसबा बावड्यातनं म्हशी हाकत गंगावेशीत यायचं, कट्ट्यावर गिऱ्हाइकाच्या देखत धार काढायची आणि फेसाळलेला पेला ऊन ऊन तसाच त्याच्या हातात द्यायचा. पाणी नाही, पावडर नाही, लबाडी नाही. पन्नाशी उलटली तरी गड्याची छाती अशी भरदार, की अंग दाखवूनच तो दुधाची जाहिरात करायचा.

असल्या माणसाची पोरगी पांढरीफटक पडावी, हे त्याला कसं सोसावं?

संयोगिता त्याची एकुलती एक. आई बयाबाई पोरगी लहान असतानाच गेलेली. शिरोळला सासर, नवरा उदयसिंह सरळ माणूस. पहिलटकरीण म्हणून सासरच्यांनी आपण होऊन विचारलं, की माहेरी बाईमाणूस नाही, तर बाळंतपण इकडंच करू का? केरबाला ते झोंबलं. पहिलं बाळंतपण माहेरचंच, बाई नसली म्हणून काय झालं, बाप मेला नाही अजून, असं तो ताडकन बोलला आणि पोरीला घेऊन आला. शेजारच्या अंबूबाई स्वयंपाकाला मदत करायच्या, बाकी सगळं केरबा बघायचा.

आणली तेव्हाच पोरगी दमलेली होती. चार पायऱ्या चढली की धाप लागायची. केस विंचरताना हात खाली टाकून बसायची. एकदा तर अंबूबाईंनी तिला न्हाणीघराआड पाटीवरची पेन्सिल कुरतडताना धरलं. डोहाळे म्हणून हसण्यावारी नेलं सगळ्यांनी. पण दवाखान्यातल्या रुचिता डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची पापणी खाली ओढून बघितली, रक्त तपासलं, आणि केरबाला समोर बसवून स्पष्ट सांगितलं. बाळंतपणात रक्त सगळ्याच बायांचं जातं, अंगात भरपूर असतं म्हणून त्या तरतात. हिच्या अंगात जायला शिल्लकच नाही. लोहाच्या गोळ्या चुकवायच्या नाहीत, रक्त वाढलं नाही तर माझ्याही हातात फार काही राहणार नाही.

केरबाच्या तोंडचं पाणी पळालं. घरी आल्यावर त्यानं पोरीची गोळी स्वतःच्या ताब्यात घेतली. सकाळी धार काढली की पहिला पेला संयोगिताचा, आणि त्याच पेल्याबरोबर गोळी. पेला रिकामा होईस्तोवर समोरनं हलायचा नाही. पोरगी मळमळतंय म्हणाली तर म्हणायचा, दुधानं कुणाला कधी बाधलंय? वरनं न्याहारीला दुधाचा चहा, जेवल्यावर पुन्हा चहा, रात्री भाकरी दुधातच कुस्करलेली. तळहाताच्या फोडासारखं जपत होता हो! आणि पोरगी दिवसेंदिवस मेणासारखी होत चालली होती.

पुढच्या तपासणीला रक्त वाढायचं सोडून आणखी घटलेलं निघालं. डॉक्टर संयोगितालाच बोलल्या, गोळ्या फेकून देतेस काय? तिचे डोळे भरून आले. केरबाचं टाळकं सरकलं. आख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशा आवाजात त्यानं सांगितलं, की गोळी मी माझ्या हातानं देतोय, एक चुकलेली नाही, तुमच्या गोळ्याच बोगस हाईत.

डॉक्टरांनी त्याला बोलून घेऊ दिलं. मग विचारलं, "गोळी कशाबरोबर देता?"

"दुधाबरोबर," केरबा म्हणाला. "आमच्या घरच्या म्हशीच्या. पेलाभर."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. रागावल्या नाहीत, हे केरबाला जास्त लागलं. त्यांनी हळू आवाजात समजावलं. दूध चांगलंच आहे, पण गोळीच्या वेळेला नाही. दुधातला चुना, म्हणजे कॅल्शियम, लोहाला अंगात शिरू देत नाही, आणि जेवणाला लागून घेतलेला चहा तर भाजीतलं लोहसुद्धा बाहेर ठेवतो. गोळी गेली पोटात, पण रक्तात काही गेलंच नाही. गोळीवर लिंबूपाणी द्या, नाहीतर पेरू खायला द्या, आंबट असलं की लोह चटकन शोषलं जातं. दूध द्यायचं तर दोन-तीन तासांनी वेगळं द्या. एवढ्यानंही भागलं नाही तर पुढच्या खेपेला सलाइनमधनं लोह देऊ.

करायला गेला गणपती आणि झाला मारुती. गडी बाहेर येऊन दवाखान्याच्या बाकड्यावर बसला तो बसूनच राहिला. पोरीला विष घातलं असतं तर निदान कळलं तरी असतं. ह्यानं माया म्हणून घातलं, पहाटे उठून, फेसासकट. संयोगिता शेजारी बसून म्हणत होती, आबा, तुम्हाला काय ठावं होतं? ते त्याच्या कानात शिरत नव्हतं.

पण हातपाय गाळून बसणारा तो नव्हे. अंबूबाईंनी माळ्यावरनं लोखंडी कढई काढून घासली. पोकळा, मेथी, मोडाची मटकी, हरभरे, जे शिजेल ते त्या कढईत, आणि ताटात वाढलं की वर लिंबू पिळायचं काम केरबाचं. चहा तोडला. गोळीवर लिंबूपाणी, मधल्या वेळेला पेरू नाहीतर आवळा. दूध पार संध्याकाळवर गेलं. पोरीच्या ताटावर तो पहारेकऱ्यासारखा बसायचा. स्वतः मात्र कडेला बसून, होतं तसं, दुधात भाकरी कुस्करून खायचा आणि वर कपभर चहा मारायचा. आपल्याला काय धाड भरलीय, असा त्याचा हिशोब.

आणि पोरगी सुधारायला लागली. पेन्सिलीची वासना गेली. ओठाला इवलासा रंग आला. परसात जाऊन म्हशीच्या पाठीवरनं हात फिरवून यायला लागली. केरबा मनातल्या मनात देवीला हात जोडायचा, की बाई, एवढा एक महिना दे, फक्त एक महिना, मी हिला भरून काढतो.

महिना मिळाला नाही. पावसानं झोड उठवलेली, पंचगंगा पात्राबाहेर, शिरोळची वाट पाण्याखाली, आणि तशात दिवस भरायच्या आधीच संयोगिताच्या पोटात कळ उठली. दवाखान्यात नेईस्तोवर तिच्या लुगड्याचा रंग बदलला होता. बाळ जगलं, मुलगी झाली, रडलीसुद्धा. पण रक्त थांबेना. रुचिता डॉक्टर बाहेर आल्या तेव्हा त्यांना बोलायलाही फुरसत नव्हती. संयोगिताचा रक्तगट दुर्मिळ, त्या गटाची रक्तपेढीत एकच पिशवी होती, ती चढतीय. दुसरी सांगलीहून यायची तर रस्ता बंद. घरात त्या गटाचं कुणी आहे काय?

"माझा त्योच हाय," केरबा म्हणाला आणि सदऱ्याची बाही वर सारली. "किती लागंल तेवढं काढा."

त्या घटकेला, खरं सांगतो, त्याला बरंच वाटलं. जे दुधानं अडवलं ते आता सरळ आपल्या अंगातनं देऊ, असं त्याच्या मनात आलं. रक्तपेढीतल्या पोरीनं त्याच्या बोटाला सुई टोचली आणि एक थेंब निळ्या पाण्याच्या भांड्यात सोडला. थेंब बुडायला पाहिजे, असं तिनंच सांगितलं होतं. थेंब थोडा खाली गेला आणि तरंगत वर आला.

केरबानं दुसरं बोट पुढं केलं. तो थेंबही वर आला. तिसरं बोट पुढं केलं तेव्हा पोरीनं त्याचा हात हळूच बाजूला केला. म्हणाली, काका, तुमच्याच अंगात रक्त कमी आहे, घेता येत नाही. जेवणाबरोबर दूध-चहा लई घेता काय?

एवढा थोरला देह, आणि आतनं पोकळ! आयुष्यभर दूध पिऊन पोरीला द्यायला एक पिशवी निघेना.

परत आला तेव्हा संयोगिताला ऑपरेशनसाठी आत नेत होते. तोंडावर चादरीपेक्षा जास्त पांढरेपणा होता. तिनं ओठ हलवून विचारलं, "आबा, रगत दिलंसा न्हवं?"

"दिलं की, बाय," केरबा म्हणाला. टोचलेली बोटं त्यानं मुठीत झाकली. तिनं डोळे मिटले.

दार बंद झालं तसा तो धावत सुटला, अनवाणी, पावसात, रस्त्यावर. आजवर कुणापुढं हात न पसरलेला गडी, येईल त्या गाडीपुढं दोन्ही हात पसरून आडवा होऊ लागला. दोघंतिघं शिव्या देऊन वळसा घालून गेले. एका मोटारसायकलवाल्यानं गाडी थांबवली, ह्याचा अवतार बघितला, खिसा चाचपला आणि एक नाणं त्याच्या हातावर ठेवलं.

केरबानं नाणं परत त्याच्या खिशात घातलं.

"पावणं, पैसं नगं. तुमचं रगत कंचं?"

"मला ठावं न्हाय," तो माणूस म्हणाला.

"मग चला, बघूया," केरबा म्हणाला, आणि त्यानं त्याचं मनगट धरलं ते सोडलं नाही.