मेलेल्या अच्युतरावांची सही

खटकचिंचोळीच्या आमच्या जुन्या घराचा इतिहास मी लिहिला, त्यातलं बाविसावं पान मात्र रागाच्या भरात लिहिलं गेलं. आम्हा देशपांड्यांत पोरगं बोलायला लागलं की पहिली गोष्ट हीच ऐकतं: पणजोबा अच्युतराव १९२७ साली वारले, आणि १९५२ साली त्यांच्याच सहीनं महादेवप्पांनी घर घेतलं. मेलेल्या माणसाची सही! मी विजयेंद्र, पेशानं मास्तर, स्वभावानं चुलीवरचं दूध. सरळ लिहून टाकलं, की महादेवप्पांनी घर लाटलं.

आता बघा पंचाईत. घराण्याचा मेळावा रविवारी, आणि तोही त्याच घरात! महादेवप्पांच्या सूनबाई चंद्रम्मा यांनी आपण होऊन जागा दिली, वर जेवणाचंही अंगावर घेतलं. म्हणजे ज्यांचं खायचं त्यांनाच पंगतीत चोर ठरवायचं. पुस्तक शुक्रवारी छापायला जाणार होतं. बुधवारी मी उदगीरहून बस धरली. खरेदीखत आमच्यापैकी कुणी कधी डोळ्यांनी बघितलंच नव्हतं, निदान ते तरी बघावं.

खरं सांगतो, दाराशी उन्हातच घुटमळत राहिलो.

"अण्णा, उन्हात कामून उभारलाव? आत या की," चंद्रम्मा म्हणाल्या. सत्तरीच्या बाई, कपाळाला विभूती. मी चाचरत खरेदीखत मागितलं. त्यांनी काही न विचारता कपाटातून काढून दिलं.

मजकूर सगळा जुन्या निझामी रिवाजानं उर्दूत. सही तेवढी मराठीत होती: अच्युतराव श्रीहरी देशपांडे.

मी दोनदा वाचली. श्रीहरी म्हणजे पणजोबांचा मुलगा, माझे आजोबा. मग ही सही पणजोबांची कशी असेल? श्रीहरींच्या मुलाचीच असणार.

"अक्का, हे कोण?"

"तुमचे तात्या."

माझे थोरले काका! पणजोबा वारल्यावर लगेच जन्मले म्हणून नाव त्यांचंच ठेवलेलं. पण सासऱ्याचं नाव आजी तोंडानं कसं घेणार? ती तात्या म्हणायची, म्हणून सगळं घर तात्या म्हणायला लागलं. आजोबा गेल्यावर मंडळी उदगीरला आली, आणि तात्या एक दिवस निघून गेले ते कायमचे. माझे बाबा तेव्हा सहा वर्षांचे, त्यांना भावाचं कागदावरचं नाव ठाऊकच नव्हतं. आजीला होतं. पण ती बोलली असती तर पोटचा पोरगाच उघडा पडला असता.

मला इतकं हायसं वाटलं की हसूच फुटलं. तिथूनच छापखान्याला फोन करून बाविसावं पान काढायला सांगितलं. मग त्या पानात काय लिहिलं होतं ते चंद्रम्मांना सांगितलं आणि हात जोडले.

"ठावं हाय की. तुमचे लोक काय म्हंत्यात ते समदं गाव सांगतंय."

"मग कागद का दाखवला नाही? एका दिवसात आमची तोंडं बंद झाली असती."

"कसं दावावं? सासऱ्यांनी तात्यांना बसपर्यंत सोडलं, तवा लई रडायले होते म्हणं. 'घर म्या इकलं हे माझ्या आईला सांगू नका' म्हणले. शबूद दिल्ता, अण्णा. तुमची आज्जी गेली, तवापसून आमी वाट बघायलो, कुणीतर येऊन इचारंल म्हणून."

"आणि कुणीच आलं नाही?"

"न्हाई. आज तुमी पयले."