दोरीचा वेढा

हातात दोरी असली की देवांगला एका जागी उभं राहता येत नसे. आज तो कचऱ्याच्या पिंपावर फास टाकत होता. फास पडला की सोडवायचा, गुंडाळायचा आणि पुन्हा टाकायचा.

"त्या बिचाऱ्या पिंपाला सोड आता," सुनेत्रा म्हणाली. ट्रेलरच्या सावलीत घडीची खुर्ची टाकून ती बसली होती. "तिखटमिठाच्या पुऱ्या आणल्यात, खा."

"रननंतर खातो, आई."

सुनेत्रा अर्विंगहून गाडी चालवत आली होती, मुलाचा रोडिओ, म्हणजे घोडेस्वारांचे दोरीफेकीचे सामने, पहिल्यांदाच प्रत्यक्ष बघायला. आणि नेमकी आजच आली होती. सकाळी रुबेन, देवांगचा तीन मोसमांचा जोडीदार, घोड्याला पाणी पाजता पाजता घोड्याकडेच बघत बोलला होता, "ओक्लाहोमाच्या ट्रेव्हिसला हीलर हवाय. आजच्या रननंतर सांगतो म्हटलंय मी."

टीम रोपिंग एकट्याने करताच येत नाही. गोऱ्हा सुटला की त्याच्या मागून दोन घोडेस्वार सुटतात. पहिला, म्हणजे हेडर, शिंगांवर फास टाकतो, दोरी खोगिराच्या पुढच्या खुंटाला, हॉर्नला, गुंडाळतो आणि गोऱ्ह्याला डावीकडे वळवतो. वळलेल्या गोऱ्ह्याच्या मागच्या दोन्ही पायांत हीलर फास टाकतो. दोन्ही दोऱ्या ताणल्या की घड्याळ थांबतं. सगळा खेळ काही सेकंदांचा. देवांग हेडर होता. जुलै निम्मा सरला होता आणि चांगल्या हीलरांना जोड्या मिळून गेल्या होत्या. रुबेन गेला की मोसम संपला. मोसम संपला तर नोकरी शोधायची, असं त्याने आईला कबूल केलं होतं.

"एक विचारू?" सुनेत्राने पर्समधून फोन काढला. "दोरी टाकल्यावर तू खाली का बघतोस?"

"कुठे बघतो?"

सुनेत्रा सॉफ्टवेअर टेस्टर होती. मुलाने पाठवलेला प्रत्येक व्हिडिओ ती वेग कमी करून बघायची. "हा अंगठ्याच्या आधीचा. मान सरळ. आणि हा परवाचा."

परवाच्या व्हिडिओत फास शिंगांवर पडला आणि देवांगच्या हॅटची कड खाली झुकली. तेवढ्यात गोऱ्हा सरळ पुढे गेला होता. देवांगने व्हिडिओ पुन्हा लावला, मग तिसऱ्यांदा. गेल्या वर्षी वेढा घेताना दोरी आणि हॉर्नच्या मधे त्याचा उजवा अंगठा सापडला होता. टोक गेलं. अंगठा वर ठेवायचा, हे हेडर पहिल्या दिवशी शिकतो. तो अंगठा वर आहे ना, हे बघायला त्याची मान वाकत होती आणि त्याला ते कळतही नव्हतं.

"रुबेन कधी बोलला नाही."

"तो सभ्य मुलगा आहे. मी टेस्टर आहे."

"पण मी हे सोडावं असंच वाटतं ना तुला?"

"वाटतंच. म्हणून काय बग दिसला तरी रिपोर्ट करायचा नाही?"

तो हसला, पण पाय थांबेनात. हे सांगायला रुबेनला शोधायला हवं होतं, पण एवढ्यात नावं पुकारली गेली.

चिवडा हे त्याच्या ठिपकेदार घोड्याचं नाव. लोखंडी कठड्याआड चिवडाही जागच्या जागी नाचत होता. देवांगने मान हलवून इशारा केला, गोऱ्ह्याचं दार उघडलं गेलं आणि गोऱ्हा सुटला. फास दोन्ही शिंगांवर बसला. आता नजर समोर. हाताला हॉर्नची जागा माहीत होती. दोरी खुंटाभोवती फिरली, हातमोज्यातून ऊब लागली, अंगठा वर होता. चिवडा डावीकडे वळला आणि गोऱ्हा त्याच्यामागे ओढला गेला. या वर्षात इतक्या लवकर एकही वळला नव्हता.

देवांगने खांद्यावरून मागे पाहिलं. रुबेन अजून बाहेरच्या बाजूला होता, गोऱ्हा आणखी थोडा सरळ धावेल असं धरून. त्याने घाईने फास टाकला. तो जमिनीवर उघडाच पडला, गोऱ्ह्याचे पाय केव्हाच पुढे निघून गेले होते.

बाहेर आल्यावर रुबेनने हॅट काढून मांडीवर आपटली. "काय केलंस तू?"

"खाली नाही बघितलं."

रुबेनने हॅट पुन्हा घातली आणि तिची कड डोळ्यांवर ओढली.

"म्हणजे तुला माहीत होतं?" देवांग म्हणाला.

"वर्षभर तुझ्या मागूनच धावतोय मी. तू हॉर्नकडे बघायचास, मी एक श्वास थांबायचो आणि मग आत वळायचो. आज थांबलो, तर गोऱ्हा गायब."

"सांगायचं ना, यार!"

"काय सांगू? माझा अंगठा अख्खा आहे."

रुबेनचा फोन वाजला. ट्रेव्हिसचं नाव दोघांनाही दिसलं.

"घे," देवांग म्हणाला. त्याने खोगिराचा पट्टा सैल केला. "तो खाली बघत नाही."

"तो श्वास माझ्या अंगात मुरलाय. त्याच्याबरोबरही मी उशीरच करेन." फोन वाजत राहिला. "उद्या न बघता करशील?"

"माहीत नाही."

रुबेनने फोन उचलला. "ट्रेव्हिस, दुसरा कुणी बघ." मग तो सुनेत्राकडे वळला. "आंटी, ती चारचाकी बाइक चालवता येईल? मागे सरावाचा लोखंडी गोऱ्हा बांधतो."

सुनेत्राने देवांगकडे पाहिलं. "म्हणजे मोसम संपला नाही?"

"नाही."

तिने पुऱ्यांच्या डब्याचं झाकण लावलं, जरा जोरातच. मग ओढणी कमरेला खोचून बाइकवर बसली.

मागच्या मोकळ्या मैदानात धूळ उडाली. चिवडा धावला, फास लोखंडी शिंगांवर बसला, दोरी हॉर्नभोवती फिरली. मान पूर्ण मागे वळवून बाइक चालवणारी सुनेत्रा इंजिनाच्या आवाजावर ओरडली,

"बघितलंस! आत्ता खाली बघितलंस! पुन्हा!"